सत्त्याण्णवाव्या घरातला ठोका

"यातलं जे अनावश्यक असेल ते आपोआप गळून जाईल," असं बँडमास्तर म्हणाले आणि म्हणता म्हणता त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

चष्मा पुसणारा माणूस कोणाकडेच बघत नसतो, हे कोणीही सांगेल. पण एकठोक्यांनी बँकेत तीस वर्षं चेकवरच्या सह्या तपासायचं काम केलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांतला खोटेपणा हुडकल्यावर माणसाची नजर साधी राहत नाही. ज्याला बघायचं असतं, पण बघितलेलं कळू द्यायचं नसतं, तोच नेमक्या वेळी चष्मा पुसतो, असं त्यांचं ठाम मत होतं. अनावश्यक म्हणजे कोण, हे त्यांना लगेच कळलं.

एकठोके हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते बँडमध्ये पडलेलं नाव. एकोणीस जणांचा तो हौशी बँड. त्यात एकठोके ट्रँगल वाजवत, म्हणजे स्टीलची सळई तीन कोनांत वाकवून दोरीला टांगलेली असते ते. वाद्यांमध्ये एवढं स्वस्त आणि एवढं हलकं दुसरं वाद्य नसेल. बँडची जी मुख्य रचना होती, जिच्यावर दर वर्षीचा कार्यक्रम संपायचा, तिच्यात ट्रँगलला एकूण काम एवढंच: एक ठोका.

सुरांच्या ओळी कागदावर लिहितात तेव्हा मध्येमध्ये उभ्या रेघा मारून त्यांचे तुकडे पाडलेले असतात. दोन रेघांमधल्या जागेला बँडमधले सगळे 'घर' म्हणायचे. तर त्या रचनेत एकशे वीस घरं होती. पहिली शहाण्णव घरं एकठोके उभ्या उभ्या मोजायचे. प्रत्येक घराला उजव्या हाताच्या अंगठ्याने मांडीवर हलकेच एक थाप. सत्त्याण्णवाव्या घरात सगळी वाद्यं एकदम उसळायची आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर एकठोक्यांचा एक टिण. मग उरलेली तेवीस घरं परत मोजत उभं राहायचं. बत्तीस वर्षांत त्यांचा ठोका एकदाही चुकला नव्हता. ज्यांना हे काम सोपं वाटतं त्यांनी एकदा शहाण्णवपर्यंत मोजून बघावं, तेही शेजारी कोणी ढोल बडवत असताना.

आणि आता मास्तर म्हणत होते, की जुन्या हस्तलिखित वह्या फाटत चालल्यात, सगळं संगणकात घालू, स्वच्छ छापील पानं काढू, आणि अनावश्यक ते गळून जाईल.

"संगणकात घालायचं काम मी करतो," एकठोके ताडकन उठून म्हणाले.

मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या, आणि तिथेच एकठोक्यांच्या मनात पाल चुकचुकली. बत्तीस वर्षांत या लोकांनी त्यांच्यासाठी कधी टाळी वाजवली नव्हती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. त्यांच्या सौभाग्यवतींनी उभा जन्म टायपिंगचा क्लास चालवला होता. दहाही बोटं न बघता चालवायची, ही त्यांची शिकवण.

"मी करून देऊ का?" त्या म्हणाल्या. "मला तेवढाच विरंगुळा. आठ दिवसांत उरकून टाकेन."

"का?" एकठोक्यांनी विचारलं.

"का म्हणजे? टायपिंग येतं म्हणून."

"तेवढंच कारण?"

"नाही, तुमची इस्टेट लाटायची आहे म्हणून," असं म्हणून त्या आत निघून गेल्या. एकठोक्यांनी हे उत्तरही जरा बाजूला ठेवून दिलं, पुढे कधी उपयोगी पडेल म्हणून.

संगणकात ते सॉफ्टवेअर घालून द्यायला मेव्हणा आला. हा मेव्हणा कुठल्याशा कचेरीत यंत्रं सांभाळायचा आणि त्यामुळे सगळ्या जगाला यंत्राइतकंच अडाणी समजायचा. त्याने सहा पानी यादी काढून दिली. सुरांचं अक्षर दाबलं की सूर उमटतो. आकडा दाबला की त्या सुराची लांबी ठरते. वरचा बाण दाबला की सूर अर्धी पायरी चढतो, खालचा दाबला की उतरतो, कंट्रोल धरून बाण दाबला की आख्खं सप्तक ओलांडतो. निवडलेला सूर निळा होतो. आणि शून्य दाबलं की विराम, म्हणजे तिथे शांतता.

"दाजी, माउसने पण होतं हे सगळं," मेव्हणा म्हणाला. "नुसतं टिचकी मारायची."

"माउस नको," एकठोके म्हणाले. "माउसने कोणी काय केलं याचा पुरावा राहत नाही. बटण दाबलेलं निदान सांगता तरी येतं."

मेव्हण्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने छताकडे पाहिलं. एकठोक्यांनी दोघांकडेही पाहून घेतलं.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांत आधी स्वतःचा कागद लिहायला घेतला. घाईघाईत करायचं काम नव्हे ते. शून्य, शून्य, शून्य करत त्यांनी एकामागून एक रिकामी घरं भरली, म्हणजे रिकामी ठेवली. शहाण्णव झाली. सत्त्याण्णवाव्या घरात अक्षर दाबलं, सूर उमटला, त्यांनी तो निवडला. तो निळा झाला. तेवढ्या पांढऱ्या पडद्यावर तो एकुलता एक निळा ठिपका बघून त्यांना भरून आलं. त्यांनी बायकोला हाक मारून दाखवला. बाईंनी हात पुसत पुसत येऊन बघितला, "छान आहे हो," म्हणाल्या आणि गेल्या. आवाजात कौतुक होतं की दुसरं काही, हे त्या वेळी त्यांना ठरवता आलं नाही.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले. हे बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. 'कितपत आलंय बघावं म्हटलं' असं म्हणत ते खुर्चीतच बसले आणि काय करताहेत हे कळायच्या आत त्यांनी कुठलंसं बटण दाबलं. एकठोक्यांची शहाण्णव घरं नाहीशी झाली. त्यांच्या जागी एक जाड आडवी रेघ आली आणि तिच्या डोक्यावर आकडा: ९६.

"हे बघा," डॉक्टर खुशीत म्हणाले, "रिकामी घरं एकत्र करता येतात. तुमचा आख्खा कागद एका ओळीत मावला. झाडं वाचली."

बत्तीस वर्षांची उभं राहण्याची तपश्चर्या दोन इंचांत मावली होती. ज्याला दुसऱ्याचा कागद आखूड करण्यात एवढा आनंद होतो, त्याच्या मनात काय असेल, याची एकठोक्यांनी नोंद केली.

मग बाकीच्या वाद्यांचं काम सुरू झालं. रोज सकाळी अंघोळ करून ते बसायचे आणि दोन्ही हातांची फक्त तर्जनी वापरून, कोंबडीने दाणे टिपावेत तसे सूर टिपायचे. सौभाग्यवतींना ते दृश्य बघवायचं नाही. त्या दार लोटून घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी एकठोक्यांनी दिवसाचं काम संपल्यावरचा एक नेम सुरू केला. ते आपल्या ओळीवर यायचे, आपला ठोका निवडायचे, तो निळा झालेला डोळे भरून बघायचे. मग संगणकाला सुरुवातीपासून वाजवायला लावायचे आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचे. त्या डबड्या स्पीकरमधून सगळी वाद्यं डबा पडल्यासारखी वाजायची आणि ट्रँगल तर ऐकूच यायचा नाही. वाजून झालं की कंट्रोल आणि एस दाबून काम जपून ठेवायचं, संगणक बंद करायचा, जेवायला बसायचं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी संगणक उघडला आणि सत्त्याण्णवावं घर रिकामं होतं.

त्यांनी चष्मा बदलून बघितला. रिकामंच. बाकी सगळं जागच्या जागी. क्लॅरिनेट, पितळी कॉर्नेट, ढोल, कोणाचा केसही वाकडा झालेला नाही. गेला होता तो फक्त त्यांचा ठोका. त्यांनी तो पुन्हा लिहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलेला. तिसऱ्या दिवशीही तेच. संगणकाचा बिघाड असता तर त्याने एखाद्या वेळी ढोलाचाही सूर खाल्ला असता. हे काम माहीतगाराचं होतं.

त्यांनी चौकशी सुरू केली. आधी बायको: रोज दुपारी ते पडतात तेव्हा घरात तीच असते आणि तिला दहा बोटांनी टाइप करता येतं. मेव्हणा: घराची किल्ली त्याच्याकडे असते. पण खरा संशय दातांच्या डॉक्टरांवर होता. क्लॅरिनेटचा सत्त्याण्णवाव्या घरात सगळ्यांत वरचा सूर होता, आणि त्याच्याही वर जाऊन बसणारा बँडमध्ये एकच माणूस होता. शिवाय तालमीत एक प्रकार त्यांनी बऱ्याच दिवसांपासून बघून ठेवला होता. वाजवता वाजवता डॉक्टर मध्येच तिरप्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघायचे. एकटे डॉक्टरच नव्हे, कॉर्नेटवाले बघायचे, ढोलवाला बघायचा. मास्तरांचीसुद्धा नजर घसरायची. एकठोक्यांनी वर पाहिलं की सगळे आपापल्या कागदात तोंड खुपसायचे. निरपराध माणसं अशी वागत नाहीत.

डॉक्टरांना बोलतं करायचं म्हणून ते दाढ दुखत असल्याचा बहाणा करून त्यांच्या दवाखान्यात गेले. चार आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, चेहरा कसा बदलतो ते बघायचं, असा बेत होता. पण डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात आरसा घातला, कापसाचे दोन बोळे घातले, आणि मग स्वतःच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"काम कुठवर आलं?"

"आं आं."

"ट्रँगलचं पूर्ण झालं का? बघा हं, त्यात घोळ झाला तर सगळाच घोळ."

एकठोके खुर्चीतून अर्धे उठले. डॉक्टरांनी त्यांना एका हाताने परत दाबलं. "हलू नका. अरे, ही दाढ खरंच किडली आहे की!"

अर्ध्या तासाने ते सुजलेला गाल धरून घरी आले. चौकशीत मिळालेली माहिती शून्य आणि एक दाढ कायमची गेलेली. बायकोने विचारलं, "काय झालं?" त्यांना सांगता येईना, एक तर गाल बधिर झाला होता म्हणून आणि दुसरं म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणून.

त्यातच सभागृहाच्या कचेरीचं प्रकरण उपटलं. कार्यक्रमासाठी सभागृह मिळवायचं तर रंगमंचावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाला पास लागायचा, आणि पाससाठी एक फॉर्म. संगणकाचं काम तुमच्याकडेच आहे तर हेही करा, असं म्हणून मास्तरांनी एकोणीस फॉर्म एकठोक्यांच्या गळ्यात घातले. फॉर्ममध्ये रकाना होता: वादनाचा कालावधी, मिनिटांत.

खिडकीमागच्या कारकुनाने अठरा फॉर्म पटापट शिक्के मारून बाजूला टाकले. एकोणिसाव्यावर त्याचा हात थांबला.

"हे काय लिहिलंय? शून्य पूर्णांक शून्य एक?"

"तेवढाच वेळ वाजवतो मी."

"पूर्ण आकडा लिहा."

"पूर्ण आकडा लिहिला तर शून्य होईल."

"शून्य असेल तर तुम्ही वाजवत नाही. न वाजवणाऱ्याला वादकाचा पास नाही." कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, एक मिनिट लिहून टाका ना. कोण मोजायला येतंय?"

"मी मोजतो," एकठोके म्हणाले. खोट्या कागदावर सही करायचं आयुष्यात कधी जमलं नव्हतं, ते आता उतारवयात कुठे शिकायचं?

कारकुनाने बराच विचार केला. नियमांची वही उलटसुलट केली. शेवटी त्याचा चेहरा उजळला. त्याने दुसऱ्या रंगाचा एक पास काढला, भरला आणि खिडकीतून सरकवला. एकठोक्यांनी तो रस्त्यावर येऊन वाचला. त्यावर लिहिलं होतं: 'साहित्य. नग एक. रंगमंचाच्या मागील दाराने.'

या कारकुनाचं नि डॉक्टरांचं काही नातं लागतं का, याचा विचार करत ते घरी आले.

आता एकच मार्ग उरला होता. त्या दिवशी ठोका पुन्हा गायब झालेला दिसला तेव्हा त्यांनी कोणालाही न सांगता बायकोच्या पावडरचा डबा आणला, कीबोर्डवर बारीक पावडर शिंपडली आणि हलकेच फुंकर मारली. बटणांवर बोटांचे ठसे उमटले. अक्षरांवर सगळीकडे तर्जनीच तर्जनी. त्या त्यांच्याच, त्यांनी ओळखल्या. पण उजवीकडे आकड्यांचा जो वेगळा गठ्ठा असतो, त्यातल्या सगळ्यांत खालच्या लांबलचक शून्यावर एक अंगठा होता. एकदा नाही, एकावर एक असा शेकडो वेळा दाबलेला अंगठा. आणि शून्य म्हणजे विराम. सूर निवडलेला असताना शून्य दाबलं की तिथे शांतता.

एकठोके स्वतः तर तर्जनीशिवाय दुसरं बोट वापरत नव्हते. हा अंगठा परका होता.

संध्याकाळी त्यांनी चहाच्या निमित्ताने सगळ्यांना बोलावलं. टेबलावर बँकेतला जुना शाईचा पॅड, कोरे कागद आणि भिंग मांडून ठेवलं होतं.

"उजव्या अंगठ्याचा ठसा द्यायचा," ते म्हणाले. "एकेकाने."

"दाजी, बरं वाटतंय ना?" मेव्हण्याने विचारलं.

"मी डॉक्टर आहे, मला सांगा काय होतंय," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"द्या रे बाबांनो ठसे," सौभाग्यवती म्हणाल्या. "नाही दिलेत तर चहा मिळायचा नाही. मी ओळखते यांना."

तिघांनी ठसे दिले. एकठोके भिंग घेऊन बसले. एकेक रेघ पडताळून बघितली. चहा निवला. डॉक्टरांचा जुळला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मेव्हण्याचा जुळला नाही. बायकोचा अंगठा तर पार वेगळा होता, लहानसा, भाजल्याची एक खूण असलेला. ती खूण त्यांनी आजवर कधी पाहिली नव्हती.

"कोणाचाच नाही," ते पुटपुटले. "म्हणजे चौथा कोणीतरी आहे."

"आहे की," बाई म्हणाल्या. त्यांनी शाईचा पॅड उचलला आणि नवऱ्याच्या पुढ्यात सरकवला. "एक अंगठा राहिलाय घरातला."

"माझा? काहीतरीच काय! मी तर्जनी वापरतो."

"लिहिताना वापरता. पण ते डबडं वाजवून डोळे मिटून ऐकता तेव्हा काय करता? घरं मोजता. आणि तुम्ही मोजता कशाने? मी दारातून बघितलंय हो. हात तिथेच कीबोर्डवर, अंगठा चाललाय ठक ठक."

एकठोक्यांनी अंगठा शाईत बुडवला. कागदावर टेकवला. भिंगातून बघायचीही गरज नव्हती. रोज आपला ठोका निळा करून ठेवायचे, डोळे मिटायचे, आणि पहिल्याच घराच्या पहिल्या थापेला स्वतःच्या हाताने तो पुसायचे. वर तो पुसलेला कागद नेमाने जपून ठेवायचे. बत्तीस वर्षांच्या सवयीने केलेली चोरी होती ती. पकडणारे तेच आणि सापडलेलेही तेच.

"आता चहा गरम करून आणते," सौभाग्यवती म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. डॉक्टर आणि मेव्हणा जिना उतरेपर्यंत कसेबसे थांबले, मग खालून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला.

एकठोक्यांनी ठोका परत लिहिला, हात मागे बांधून एकदा ऐकला आणि पानं छापली. पण माणसाचा स्वभाव एका अंगठ्याने बदलत नाही. एक चोर सापडला म्हणून कोणी घराचं कुलूप काढून ठेवत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मास्तरांसाठी सगळ्या वाद्यांची मिळून जी मोठी प्रत होती, तिच्यातलं पान कोणी मधल्यामध्ये बदलू नये म्हणून त्यांनी दर दोन पानांच्या सांध्यावर डिंकाची पट्टी लावली आणि प्रत्येक पट्टीवर आडवी सही ठोकली. बँकेत महत्त्वाच्या कागदांना असंच करत. डिंक जरा सढळ हाताने लावला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी एकठोके साहित्याच्या पासावर मागच्या दाराने आत शिरले. दारावरच्या पहारेकऱ्याने पास वाचला आणि विचारलं, "नग कुठाय?"

"मीच," एकठोके म्हणाले आणि मान ताठ ठेवून गेले.

सभागृह भरलं होतं. शेवटची रचना सुरू झाली. एकठोके मागच्या रांगेत उभे, डाव्या हातात दोरीला ट्रँगल, उजव्या हातात छोटी सळई, अंगठा मांडीवर. एक, दोन, तीन. सगळं सुरळीत चाललं होतं. सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर. मास्तरांनी पान उलटलं.

दोन पानं उलटली. डिंकाने चिकटलेली ती दोन पानं एकदमच गेली आणि मास्तर बाहत्तराव्या घरातून थेट एकोणनव्वदाव्यात जाऊन पडले. त्यांची छडी एकदम मोठमोठे हातवारे करू लागली. कॉर्नेटवाल्यांना वाटलं आपणच मागे राहिलो, त्यांनी उडी मारली. क्लॅरिनेट जागच्या जागीच राहिलं. ढोल मधेच कुठेतरी अडकला. दोन घरांतच अशी रणधुमाळी माजली, की पहिल्या रांगेतल्या बाईंनी कानातलं सावरल्यासारखं करून कानच झाकला.

एकठोके मोजत होते. शहात्तर. सत्त्याहत्तर. त्यांनी वर पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. तिरप्या डोळ्यांनी वगैरे नाही, सरळ, तोंडावर. डॉक्टर वाजवत होते आणि त्यांचे डोळे खिळले होते एकठोक्यांच्या मांडीवर. कॉर्नेटवाल्यांचेही. मास्तर चिकटलेली पानं नखाने सोडवत होते, आणि मान वळवून तेही तिथेच बघत होते. त्या अंगठ्याकडे.

तालमीतले ते सगळे कटाक्ष कशासाठी होते हे एकठोक्यांना तेव्हा कळलं. या लोकांना मोजता येत नव्हतं! बत्तीस वर्षं एकालाही येत नव्हतं. आपण कुठल्या घरात आहोत हे सगळा बँड त्यांच्या अंगठ्यावरून ठरवत होता. आणि आता इतके जण इतके भरकटले होते, की नुसत्या थापेवरून काही कळत नव्हतं. क्लॅरिनेट ओठांतून न काढता डॉक्टरांनी भुवया उडवून विचारलं: किती?

एकठोक्यांनी सळई खिशात घातली. ट्रँगल पायाशी ठेवला. दोन्ही हात वर केले आणि बोटं दाखवली: आठ. मग दोन. ब्याऐंशी. पुढच्या घराला आठ आणि तीन. एकेक जण सापडू लागला. ढोल चौऱ्याऐंशीला आला. नव्वदीत क्लॅरिनेट लागलं. मास्तरांची पानं सुटली, त्यांनी छडी एकठोक्यांच्या बोटांवरच चालवायला सुरुवात केली. पण कॉर्नेटवाले अजून भरकटलेलेच होते. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. शहाण्णव.

पुढचं घर सत्त्याण्णवावं. एकठोक्यांनी पायाशी पाहिलं. ट्रँगल उचलायला, सळई काढायला जेमतेम वेळ होता, वाकलं की झालं. पण वाकलं की बोटं खाली जाणार. आणि कॉर्नेटवाल्यांचे तीन लाल चेहरे त्यांच्याकडे बुडणाऱ्या माणसांसारखे बघत होते. त्यांना फार फार वाटलं, की वाकावं. बत्तीस वर्षं वर्षातून एकदाच वाजणारी ती एकच गोष्ट होती त्यांची.

त्यांनी हात वर ठेवले. नऊ बोटं. मग सात.

सगळा बँड एका वेळी उसळला. बाकीची सगळी वाद्यं, एक सूर, सभागृह दणाणलं. त्याच्या डोक्यावर जो टिण बसायचा, तो बसला नाही. उरलेली तेवीस घरं एकठोके बोटं दाखवत उभे राहिले, आणि त्यांना समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

पडदा पडल्यावर सगळ्यांनी त्यांना गराडा घातला. डॉक्टरांनी मिठी मारली. मास्तर त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "वाचवलंत हो! तुम्ही नसता तर आज तोंड दाखवायला जागा नव्हती."

"मास्तर, मला वाटत होतं तुम्ही मला गाळणार."

"तुम्हाला? वेड लागलंय का? तुम्हाला गाळून आम्ही चालायचं कुणाच्या भरवशावर?" मास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "ठोका गाळायचा विचार होता, हे कबूल करतो. तो काय, असला काय नि नसला काय. आज बघा ना, वाजला नाही तरी कुठे काय अडलं?"

एकठोके हसले. हसण्यासारखं होतं म्हणून हसले. तेवढ्यात कचेरीतला कारकून गर्दीतून वाट काढत आला. "काका, कार्यक्रम झकास! आणि तुमचा तो टिण, काय गोड वाजला हो. एक मिनिट नसेल, पण ऐकला मी." एवढं बोलून तो आनंदाने निघून गेला. एकठोक्यांना वाटलं, मग बत्तीस वर्षं आपण नक्की कुणासाठी वाजवत होतो?

सौभाग्यवती फाटकाबाहेर दिव्याच्या खांबाखाली पिशवी घेऊन उभ्या होत्या. दोघं चालायला लागले. थोडं पुढे गेल्यावर बाईंनी विचारलं, "आज वाजला नाही ना?"

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? दर वर्षी मी तेवढ्यासाठीच तर येते. बाकी ते पोंपों कोण ऐकतंय? तुम्ही तिकडे मोजता तेव्हा मीही खाली बसून मोजते. पिशवीच्या बंदावर, बोटाने. आज सत्त्याण्णव झाले आणि काहीच आलं नाही. मला एकदम कसंतरीच झालं."

एकठोक्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षं खऱ्याखोट्या सह्या पाहिलेला माणूस होता तो. यात खोट कुठे आहे, हे शोधायचं त्यांना सुचलंसुद्धा नाही.

"आता वाजवू?" त्यांनी विचारलं.

"इथे? रस्त्यात?" बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. बसथांब्यावर चार माणसं उभी होती. "वाजवा. पण असा मधेच नको. नीट मोजून."

त्यांनी हातातला ट्रँगल दोरीला धरून वर केला आणि खिशातली सळई काढली. मग दोघं पहिल्या घरापासून मोजत चालायला लागले, एका पावलाला एक घर. चाळिसाव्याला ओळखीचे एक गृहस्थ भेटले, त्यांनी नमस्कार केला, पण दोघांनीही उत्तर दिलं नाही. सत्तराव्याला रस्ता ओलांडायचा होता, तिथे बाईंनी नवऱ्याचा दंड धरला आणि मोजणं चालू ठेवलं. पंच्याण्णव, शहाण्णव. दोघंही थांबले. आणि मग एकठोक्यांनी तो वाजवला.